विश्लेषण : क्षेपणास्त्र चाचणीची बातमी कशी वाचावी?

‘अग्नी-५’ची चाचणी झाली की ‘चीन टप्प्यात’, ‘शत्रूला थेट इशारा’ असे मथळे झळकतात. सरकारी निवेदन मात्र चार ओळींचे असते. मग उरलेली बातमी येते कुठून?

अधिकृतपणे काय सांगितले जाते?

ओडिशातील चांदीपूर येथून २० ऑगस्ट २०२५ रोजी ‘अग्नी-५’ची चाचणी झाली. ती यशस्वी ठरली, सर्व तांत्रिक निकष पूर्ण झाले आणि ती स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांडच्या अखत्यारीत झाली, एवढेच सरकारने सांगितले. क्षेपणास्त्र किती अंतर गेले, लक्ष्यापासून किती मीटरवर पडले, हे निवेदनात नव्हते. निवेदनाने त्याला ‘इंटरमीडिएट रेंज’ म्हटले. अनेक बातम्यांत मात्र ते ‘आंतरखंडीय’ असते. आंतरखंडीय क्षेपणास्त्रासाठी ५,५०० किमीहून अधिक पल्ल्याचा निकष सर्वसाधारणपणे मानला जातो. ‘अग्नी-५’चा जाहीर पल्ला सुमारे ५,००० किमी आहे.

चाचणी ‘अचानक’ होते का?

नाही. चाचणीआधी विमाने आणि जहाजांना ठरावीक क्षेत्रापासून दूर राहण्याची सूचना दिली जाते. विमानांसाठीच्या सूचनेला ‘नोटॅम’ म्हणतात. शिवाय २००५ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान बॅलिस्टिक क्षेपणास्त्र चाचणीची पूर्वकल्पना एकमेकांना देतात. क्रूझ क्षेपणास्त्रे या करारात येत नाहीत. जून २०१६ मध्ये भारत ‘हेग आचारसंहिते’तही सामील झाला. तिच्यातही पूर्वसूचनेची तरतूद आहे. चाचणीचे उड्डाण हा हल्ला समजला जाऊ नये, हा या सगळ्यामागचा हेतू.

मग ‘इशारा’ कोणाला?

९ डिसेंबर २०२२ रोजी तवांगजवळ भारत-चीन सैनिकांत झटापट झाली. १५ डिसेंबरला ‘अग्नी-५’ची चाचणी झाली आणि अनेक वाहिन्यांनी ती चीनला दिलेले उत्तर ठरवली. मात्र अशा चाचणीची तयारी दीर्घकाळ चालते. त्यामुळे दोन घटना लागोपाठ घडल्या म्हणून एक दुसरीचे उत्तर ठरत नाही. अर्थात, चाचण्यांना राजनैतिक अर्थ नसतोच असेही नाही. पण तो अर्थ सरकारने सांगितला की स्टुडिओतील चर्चेने, हे वेगळे कळायला हवे.

पल्ल्याचा आकडा कसा ठरतो?

२९ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर कोरियाचे ‘ह्वासाँग-१५’ जवळजवळ उभे वर गेले. सुमारे ४,५०० किमी उंची गाठून ते अवघ्या ९५० किमी अंतरावर समुद्रात पडले. तरी ‘१३,००० किमी पल्ला’ असे मथळे आले. हेच क्षेपणास्त्र नेहमीच्या मार्गाने सोडले तर किती दूर जाईल, याचा तो अंदाज होता. त्यावर स्फोटकाग्र किती वजनाचे होते हे बाहेर कोणालाच ठाऊक नव्हते. वजन वाढले की पल्ला घटतो. हा ‘जर-तर’ मथळ्यात मावत नाही, म्हणून अंदाजच वस्तुस्थिती होऊन बसतो.

वाचकांनी काय तपासावे?

* आकडा निवेदनातला आहे की ‘सूत्रां’चा?
* चाचणी किती अंतराची झाली की फक्त कमाल पल्ला दिला आहे?
* व्हिडिओ त्याच दिवसाचा आहे का?

सीमेवर तणाव असताना हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. चाचणीची पूर्वसूचना शेजारी देशाच्या सरकारकडे पोहोचलेली असते. मोबाइलवर फिरणाऱ्या जुन्या व्हिडिओसोबत ती येत नाही. सरकारांना जी गोष्ट नियोजित म्हणून ठाऊक असते, तीच लोकांपर्यंत युद्धाची चाहूल म्हणून पोहोचते.