पिसांत विष बाळगणारा पिटोहुई

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ वर्षावनात हुडेड पिटोहुई नावाचा पक्षी राहतो. आकाराने साधारण आपल्या साळुंकीएवढा. डोकं, पंख आणि शेपटी काळीकुळकुळीत, पाठ आणि पोट विटकरी-नारिंगी. फळं आणि किडे खातो, गोड शीळ घालतो. आपल्या आमराईतला पिवळाधमक हळद्या त्याचा भाऊबंद. दोघं एकाच कुळातले. हळद्या मात्र निरुपद्रवी आहे आणि पिटोहुईच्या कातडीत, पिसांत जहाल विष असतं.

विज्ञानाला हे कळलं ते जवळपास योगायोगानेच. १९८९ साली जॅक डम्बाकर हा शिकागो विद्यापीठाचा तरुण संशोधक पोर्ट मोर्स्बीजवळच्या वरिराटा राष्ट्रीय उद्यानात स्वर्गीय पक्ष्यांचा अभ्यास करत होता. त्यासाठी लावलेल्या बारीक जाळ्यांत पिटोहुईही अडकायचे. त्यांना सोडवताना चोची-नख्यांनी बोटं ओरबाडून निघायची. असंच एकदा त्याने ओरबाडलेलं बोट तोंडात घातलं, तर जीभ चुरचुरली आणि ओठ बधिर झाले. पुढे त्याने पीस जिभेवर ठेवून पाहिलं, पुन्हा तेच. स्थानिक वाटाड्यांना विचारलं तेव्हा त्यांना काहीच नवल वाटलं नाही. हा पक्षी टाकाऊ, कातडी आणि पिसं काढल्याशिवाय खायचा नाही, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ती पिसं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या जॉन डेली यांच्याकडे गेली. डेली यांनी अनेक वर्षं कोलंबियातल्या विषारी बेडकांवर काम केलेलं. पिटोहुईच्या पिसांत त्यांना सापडलं ते त्याच बेडकांच्या जातकुळीचं विष, बॅट्राकोटॉक्सिन! मधे अख्खा पॅसिफिक महासागर, एकीकडे बेडूक, दुसरीकडे पक्षी आणि विष एकच. ऑक्टोबर १९९२ मध्ये ‘सायन्स’मध्ये हा शोधनिबंध आला, तेव्हा पक्षीशास्त्रज्ञ चकित झाले नसते तरच नवल.

हे विष काम कसं करतं ते पाहण्यासारखं आहे. आपल्या मज्जातंतूंच्या आणि स्नायूंच्या पेशींना सोडियमसाठी सूक्ष्म दारं असतात. संदेश जायचा असला की ती क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. बॅट्राकोटॉक्सिन या दाराला चिकटतं आणि ते मिटूच देत नाही. सोडियम आत येत राहतं, पेशीला पुन्हा पूर्वस्थितीत येता येत नाही. आधी झिणझिण्या, मग बधिरपणा. मात्रा मोठी असेल तर लकवा आणि शेवटी हृदय बंद. कोलंबियातल्या सोनेरी बेडकाच्या अंगात हे विष एक मिलिग्रॅमपर्यंत असू शकतं. ६५ ग्रॅमच्या पिटोहुईच्या कातडीत ते फार तर २० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे बेडकाच्या पन्नासाव्या हिश्शाइतकं. त्यामुळे पक्षी हातात धरल्याने माणूस मरत नाही. पण पिसांतल्या उवांना एवढंही पुरतं. प्रयोगांत उवांनी विषारी पिसं टाळली आणि ज्या त्यांवर राहिल्या त्या लवकर मेल्या.

पक्षी हे विष स्वतः बनवतो का? संशय आधीपासून होता, कारण काचेच्या पेटीत जन्मलेल्या आणि वाढलेल्या त्या बेडकांत विष सापडत नाही. म्हणजे ते खाण्यातून येत असणार. आपल्याकडेही रुईची पानं खाऊन वाढणारं नारिंगी प्लेन टायगर फुलपाखरू त्या झाडाचं विष अंगात साठवतं. पिटोहुईच्या बाबतीत उत्तर मिळालं हेरोवाना या गावातून. तिथले लोक कोरेसीन नावाच्या काही मिलिमीटर लांबीच्या भुंगेऱ्याला ‘नानिसानी’ म्हणतात. निळ्या टोपीच्या इफ्रिता या दुसऱ्या विषारी पक्ष्यालाही ते नाव आहे. अर्थ काय, तर ओठांना आणि चेहऱ्याला येणाऱ्या झिणझिण्या. किडा आणि पक्षी दोघांचा स्पर्श सारखाच झोंबतो, हे गावाने कधीच जोडून ठेवलं होतं. भुंगेरे तपासले, तर त्यांत बॅट्राकोटॉक्सिन भरपूर होतं. २००४ साली निघालेल्या त्या शोधनिबंधावर डम्बाकर यांच्या पाठोपाठ अविट वाको हे नाव आहे, हेरोवानाच्या परिसरातल्या स्थानिक निसर्ग-अभ्यासकाचं. ते तिथे असायलाच हवं होतं. माझ्या मते या सगळ्या कथेतला सगळ्यात महत्त्वाचा धागा प्रयोगशाळेतून नाही, या गावातून आला.

आता राहिला प्रश्न, की पक्षी स्वतः कसा वाचतो? इथे शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. २०२१ मध्ये एका गटाने पिटोहुईची सोडियमची दारं प्रयोगशाळेत तपासली, तर विषाने तीही उघडीच राहिली. त्यांचं म्हणणं, पक्ष्याच्या अंगात विष शोषून धरणारं एखादं प्रथिन असावं. २०२३ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू गिनीतल्या आणखी दोन जातींच्या पक्ष्यांत हे विष असल्याचं दाखवलं आणि विषारी पक्ष्यांच्या याच दारांच्या जनुकात बदल झाल्याचं सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आणि भुंगेरा? बॅट्राकोटॉक्सिनचा सांगाडा स्टेरॉइडचा असतो. कीटकांना असा सांगाडा मुळापासून बनवता येत नाही, तो त्यांना अन्नातूनच मिळवावा लागतो. त्यामुळे भुंगेऱ्याच्या विषाचा कच्चा माल न्यू गिनीच्या जंगलातली एखादी वनस्पती पुरवत असण्याची शक्यता आहे. ती वनस्पती अजून सापडलेली नाही.