पाच तारे नेमके कुणाचे?

गेल्या आठवड्यात इंदूरहून माझ्या मावसभावाचा फोन आला. "ताई, गाडी ठरली. छोटी एसयूव्ही, फाइव्ह स्टार! आता काळजी मिटली." मी विचारलं, "पाच तारे मोठ्यांचे की मुलांचे?" तो गप्पच झाला. त्याची मुलगी तीन वर्षांची आहे. म्हणून आज हाच विषय घेऊ.

क्रॅश टेस्टचे निकाल दोन असतात, एक मोठ्यांचा, एक मुलांचा. टाटा नेक्सॉनचंच बघा. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपकडून पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय बनावटीची गाडी. पेढे वाटावेत अशीच बातमी होती, कारण २०१४ साली याच संस्थेने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची बिनएअरबॅगची मॉडेलं आपटून पाहिली, तेव्हा पाचही शून्यावर होत्या. पण नेक्सॉनचे ते पाच तारे मोठ्यांसाठी होते. मुलांसाठी ४९ पैकी २५ गुण आणि तीनच तारे! मुलांचेही पाच आले ते २०२४ मध्ये.

म्हणून ताऱ्याखालचं साल वाचा. २०१८ मध्ये मोठ्यांचे १७ गुण होते आणि ते मुख्यतः समोरच्या धडकेवर मिळायचे. ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप आली. तिच्यात गाडी ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर नेतात, आणि तोंडाचा ४० टक्के भागच आदळू देतात. कारण रस्त्यावर समोरासमोर धडक होते तीही बरेचदा अशी अर्धवटच. मग ५० च्या वेगाने बाजूने ट्रॉली येऊन धडकते. तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर २९ च्या वेगाने खांबावर आडवी आपटण्याची परीक्षाही द्यावी लागते. पाच ताऱ्यांसाठी मोठ्यांचे ३२ पैकी २७ गुण लागतात, मुलांचे ४९ पैकी ४१. ही परीक्षा ऐच्छिक आहे, त्यामुळे तारेच नसलेली गाडी नापास असेल असं नाही, तिने पेपरच दिला नसेल.

आणखी एक ओळ निकालात असते, तिच्याकडे आपण बघतच नाही: गाडीचा सांगाडा 'स्थिर' की 'अस्थिर'. २०२२ मध्ये ह्युंदाई क्रेटाला तीन तारे मिळाले आणि सांगाडा अस्थिर ठरला. एअरबॅग म्हणजे उशी हो, पण खोलीच्या भिंतीच आत आल्या तर उशी किती पुरणार?

तर, मी भावाला विचारलं, "पोरगी बसणार कुठे?" "आईच्या मांडीवर, आणखी कुठे?"

चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे असतात, पण ते मुलांच्या खास सीटमध्ये बांधलेले. मांडीवर कुणीच नसतं. ६४ च्या वेगातली गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर पंधरा किलोच्या मुलाला धरून ठेवायला अडीचशे किलोहून जास्त वजन पेलण्याएवढी ताकद लागते. कुठल्या आईच्या हातात ती असते? आणि मागे बसलेल्या आईने स्वतः पट्टा लावला नसेल, तर तिचंच वजन मुलावर येतं.

भावाची गाडी अजून बुकिंगमध्येच आहे. मुलांची सीट मात्र घरी आली. सध्या ती टीव्हीसमोर ठेवली आहे, आणि पोरगी पट्टा लावूनच कार्टून बघते म्हणे.