नटाला भेटावे की भेटू नये?

नाटकाचा शेवटचा अंक संपतो, पडदा पडतो, आणि निम्मे प्रेक्षक बाहेरच्या दाराकडे जाण्याऐवजी रंगपटाकडे वळतात. मराठी प्रेक्षकाची ही खोड फार जुनी. आत अर्धा रंग पुसलेला, घामाने निथळलेला नट हातात चहाचा कप घेऊन बसलेला असतो. आपण तिथवर जातो, घरून जुळवून आणलेली चार वाक्ये ऐनवेळी विसरतो, “फारच छान झालं हो काम!” एवढेच कसेबसे बोलतो आणि धन्य होऊन परततो. दादरच्या शिवाजी मंदिरात जा, ठाण्याच्या गडकरी रंगायतनात जा, नाही तर पुण्याच्या बालगंधर्वला. हे दृश्य चुकायचे नाही. या भेटीला तिकीट नाही. रांगही नाही म्हणाना, कारण आपल्याकडे रांग अशी फारशी लागतच नाही!

अमेरिकेत मात्र याच हौसेची रीतसर जत्रा भरते, आणि त्या जत्रेचे मूळ आहे विज्ञानकथा. उडत्या यानांच्या आणि परग्रहांवरच्या गोष्टी वाचणारी वेडी मंडळी १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला जमली आणि त्यांनी आपले पहिले जागतिक संमेलन भरवले. तेव्हा मान होता लेखकाचा. नटाला मान मिळाला तो पुढे, ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे. ही मालिका १९६६ साली सुरू झाली आणि तीन वर्षांत बंदही पडली. पण १९७२ च्या जानेवारीत तिच्या चाहत्यांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात मेळावा भरवला. काहीशे माणसे येतील असा अंदाज होता. लोटली ती तीन हजारांहून अधिक! मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी आणि सुप्रसिद्ध विज्ञानलेखक आयझॅक असिमॉव्ह या मेळाव्याला हजर होते. बंद पडलेल्या मालिकेची एवढी वरात निघालेली पाहून दूरचित्रवाणीवाल्यांनी डोळे चोळले असतील.

तेव्हापासून अशा मेळाव्यांना सुमार राहिलेला नाही. चाहते आवडत्या पात्राचे कपडे करून येतात. नट मेजामागे बसतो. सहीचा दर ठरलेला, जोडीने छायाचित्र काढण्याचा दर त्याहून वेगळा, आणि जेवढा नट मोठा तेवढा आकडा मोठा. आपल्याकडेही २०११ पासून दिल्ली-मुंबईला ‘कॉमिक कॉन’ भरू लागले आणि रंगीबेरंगी वेषांतली कॉलेजची पोरे त्यात मिरवू लागली. “सहीला पैसे?” असे आमच्या पिढीच्या तोंडून पटकन निघून जाते खरे. पण आपणही नाटकाला तिकीट काढतोच की! फुकट मिळते ती ओळख, कला नव्हे.

या सगळ्या बाजारात एका भेटीची हकीकत मात्र मला फार मोलाची वाटते. ‘स्टार ट्रेक’मध्ये निशेल निकोल्स नावाची कृष्णवर्णीय अभिनेत्री यानावरच्या संदेशवहन अधिकाऱ्याचे काम करीत असे. पहिल्या वर्षानंतर तिने मालिका सोडायचे ठरवले. तेवढ्यात एका समारंभात तिला कोणी सांगितले की, तुमचा एक मोठा चाहता तुम्हाला भेटू इच्छितो. वळून पाहते तो समोर मार्टिन ल्यूथर किंग! आपल्या समाजातील स्त्री पडद्यावर दासी म्हणून न दिसता अधिकारी म्हणून दिसते, हे केवढे मोठे आहे ते त्यांनी तिला समजावून सांगितले आणि मालिका सोडू नका असा आग्रह धरला. ही हकीकत निकोल्सबाईंनीच पुढे वारंवार सांगितली आहे. त्या राहिल्या. १९७७ साली अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने अंतराळवीरांच्या भरतीसाठी त्यांचीच मदत घेतली, आणि १९९२ साली अंतराळात गेलेल्या मे जेमिसन या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रीने आपल्याला लहानपणी याच पात्राने स्फूर्ती दिल्याचे सांगितले. आता सांगा, या भेटीत कोणी कोणाला काय दिले? चाहत्याने नटीला, की नटीने चाहत्याला?

हे झाले सातासमुद्रांपलीकडचे. आपल्याकडे पडद्यावरचा नट भेटायचा तर कोठे? माझ्या पाहण्यात एक जागा आहे, आणि ती मुंबईपासून दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे. लोक तिला कर्जतचा एन. डी. स्टुडिओ म्हणतात, परंतु कागदोपत्री ती जागा खालापूर तालुक्यात, चौकजवळच्या हातनोलीला आहे. कर्जतला स्टेशन मोठे, वडा प्रसिद्ध, घाट चढण्यासाठी गाड्यांना इथेच मागून इंजिने लागतात, त्यामुळे नावही कर्जतनेच मिळवले. खालापूरकरांनी त्याबद्दल तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. दमदार पाऊस झाला की इर्शाळगडाच्या अंगाखांद्यावरून पाणी धावू लागते. अशा मुलखात २००५ साली नितीन चंद्रकांत देसाई या कलादिग्दर्शकाने राजवाडे, किल्ले आणि बाजारपेठा उभ्या केल्या.

देसाई मूळचे दापोलीचे. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ आणि ‘देवदास’ या चार चित्रपटांच्या कलादिग्दर्शनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. खालापूरच्या माळावर त्यांनी ‘जोधा अकबर’साठी मोगलांचा दरबार उभारला, आणि ‘प्रेम रतन धन पायो’चा शीशमहालही इथलाच. ‘राजा शिवछत्रपती’ ही त्यांचीच निर्मिती. ती २००८ साली सुरू झाली तेव्हा संध्याकाळी आमच्या चाळीतले सगळे आवाज एकाच वेळी बंद होत.

मी तिथे गेलो तो २००९ च्या दिवाळीच्या सुट्टीत. धाकट्या बहिणीच्या यजमानांची कोणाशी तरी ओळख होती, तिच्या जोरावर आम्हाला आत सोडण्यात आले. बरोबर बहीण आणि तिचा नऊ वर्षांचा चिरंजीव. त्याने घरून निघतानाच कमरेला प्लॅस्टिकची तलवार बांधली होती. फाटकातून आत शिरलो आणि समोर काळ्या दगडांची उंचच उंच तटबंदी पाहून आमच्या छातीत धडधडले. मग वळसा घालून मागच्या बाजूला गेलो. मागे बांबूंच्या पराती, प्लायवूडच्या फळ्या, खिळे आणि सुतळ्या! पुढून रायगड, मागून मांडव. साच्यातून काढलेला तो प्लॅस्टरचा दगड होता. त्याला रंगाऱ्याने शेवाळ लावले होते, पावसाचे ओघळ काढले होते, एके ठिकाणी तर दगडाच्या फटीतून उगवलेले रोपटेही चिकटवले होते. बहीण म्हणाली, “दादा, एवढं खोटं करायला माणसाला किती खरं बघावं लागत असेल रे!”

त्या दिवशी एका ऐतिहासिक मालिकेचे चित्रीकरण चालू होते. मालिकेचे नाव मी सांगत नाही, आणि त्या नटाचेही नाही. तो काही मुख्य भूमिकेतला नव्हता. सरदारांपैकी एक, पण आमच्या चिरंजीवांचा अत्यंत लाडका. जेवणाच्या सुट्टीत तो आंब्याच्या झाडाखाली डबा खात बसला होता. अंगावर चिलखत, आणि डब्यात भेंडीची भाजी! चिरंजीव आधी बहिणीच्या पदरामागे लपले, मग धीर करून पुढे झाले आणि म्हणाले, “तुमची तलवार मला धरायला द्याल?”

नटाने हात धुतले, पुसले, आणि तलवार म्यानातून काढून त्याच्या हातात दिली. ती लाकडाची होती, वर चांदीसारखा रंग. मुलाचे तोंड उतरले. “ही तर माझ्यासारखीच आहे!” तो पुटपुटला.

नट हसला नाही. त्याच्याशेजारी उकिडवा बसून तो म्हणाला, “खरी तलवार माणसाला लागेल म्हणून ही अशी केलीय. पण ही खऱ्यासारखी धरायला मला तीन महिने शिकावं लागलं. बघ.” आणि त्याने मुलाच्या मुठीवर आपली मूठ ठेवून पाय कसा रोवायचा, मनगट कसे सैल सोडायचे, नजर पात्यावर न ठेवता समोरच्याच्या खांद्यावर कशी ठेवायची, ते दाखवले. दहा मिनिटे लागली असतील. मग कोणी हाक मारली, तसा तो डबा झाकून उठला आणि पुन्हा सरदार होऊन चालू लागला. त्याची चालही बदलली! सही घ्यायची कोणालाच आठवण राहिली नाही.

जवळच नऊवारी नेसलेल्या काही बायका सावलीत विसावल्या होत्या. गर्दीच्या प्रसंगासाठी आसपासच्या वाड्यांतून आलेल्या. बहिणीने त्यातल्या एकीला विचारले, “मावशी, रोज एवढे मोठाले नट बघायला मिळतात, मजा आहे तुमची!” मावशी म्हणाल्या, “नटाचं काय बाई, तो येतो नि जातो. आमचा मुलगा इथं सुतारकाम शिकला, ते आमच्याजवळ राहिलं.”

मावशींचे हे बोलणे मला पुढे फार वर्षांनी पुन्हा आठवले. २ ऑगस्ट २०२३ रोजी नितीन देसाई त्याच स्टुडिओत मृतावस्थेत आढळले. कर्जाचा फार मोठा डोंगर त्यांच्यावर होता. अठ्ठावन्नावा वाढदिवस अवघ्या आठवड्यावर आला होता. एवढ्या राजांसाठी महाल बांधणारा माणूस त्या महालांच्या ओझ्याखाली दबून गेला, या बातमीने त्या दिवशी महाराष्ट्रात अनेक घरांतला चहा निवून गेला असेल. पुढे दिवाळखोरीच्या कायद्यातील प्रक्रियेतून स्टुडिओ राज्य सरकारच्या चित्रनगरी महामंडळाकडे आला. तटबंदी आता सरकारच्या हाती आहे. मावशींच्या मुलासारखे जे शेकडो हात तिथे तयार झाले, त्यांना तिथे कायम काम मिळते की नाही, यावर त्या जागेचे खरे भवितव्य ठरेल.

आता विज्ञानकथेकडे वळू; कारण तिचाही एक धागा खालापूर तालुक्यातच सापडतो. खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ साली ‘इमॅजिका’ नावाचे मोठे मनोरंजन उद्यान सुरू झाले. त्याच्या आरंभीच्या आकर्षणांत एक खेळ होता ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटावरचा. हलत्या आसनांवर बसायचे आणि समोरच्या पडद्यावर मोगॅम्बोच्या शोधात सुसाट निघायचे. शेखर कपूर यांचा तो १९८७ चा चित्रपट म्हणजे अदृश्य होण्याच्या यंत्राची गोष्ट, आपल्याकडची सर्वांत लाडकी विज्ञानकथाच म्हणा ना. मोगॅम्बो झालेले अमरीश पुरी २००५ साली गेले, श्रीदेवी २०१८ साली गेली. पण दहा-बारा वर्षांची मुले मोगॅम्बोची नक्कल अशी करतात, जणू तो कालच त्यांच्या वर्गात येऊन गेला! हे अमरीश पुरी चित्रपटांत नाव काढण्यापूर्वी कित्येक वर्षे कर्मचारी विमा महामंडळात नोकरी करीत होते, हे मी कचेरीत जाणाऱ्या वाचकांच्या दिलाशासाठी मुद्दाम सांगतो.

मराठीत विज्ञानकथेचे नट फारसे झाले नाहीत. ‘फुंतरू’सारखा एखादा चित्रपट २०१६ साली आला, एवढेच. आपल्याकडे नायक झाला तो लेखक. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. तिला १९७४ साली ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग उलगडा झाला की, हे जगताप म्हणजे साक्षात डॉ. जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाकडे पाहून कोणी बक्षीस देऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यांच्या व्याख्यानानंतर व्यासपीठाभोवती वह्या घेऊन जमणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना चाहत्यांचा मेळावा म्हणजे काय ते अमेरिकेकडून शिकावे लागणार नाही. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आदींनी पुण्यात ग्रंथकारांना एकत्र आणले तेव्हापासून साहित्यसंमेलनाच्या नावाने आपण हाच उद्योग करीत आलो आहोत.

तर नटाला भेटावे की भेटू नये? आमच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, भेटू नये. जवळून पाहिले की मूर्तीचे रंग उडतात. मला हे पटत नाही. झाडाखालच्या त्या सरदाराचा रंग भेंडीच्या भाजीने उडाला नाही, उलट पक्का झाला. मात्र भेटायचे तर त्याच्या तोंडाशी मोबाईल धरून नव्हे, त्याच्या कामाविषयी एखादा प्रश्न घेऊन भेटावे. लहान मुलांना हे आपोआप जमते. मोठ्यांना थोडी सवय करावी लागते.

आणि मनात आहे ते सांगूनच टाकतो. मराठी विज्ञानकथेच्या चाहत्यांचा एक मेळावा खालापूरच्या त्या स्टुडिओत का भरू नये? जागा मुंबई-पुण्याच्या वाटेवर आहे, डोंगर आहेत, अंगण आहे, मांडव तर आयताच आहे. पुण्याचे शास्त्रज्ञ येतील, मुंबईचे नट येतील, शाळांतली मुले कागदी याने घेऊन येतील. फक्त एक करावे. व्यासपीठावर नट आणि लेखक यांच्याशेजारी दोन खुर्च्या आणखी मांडाव्या, एक सुताराला आणि एक रंगाऱ्याला. प्लॅस्टरच्या दगडावर शेवाळ कसे उगवते, हे मुलांना त्यांच्याइतके चांगले दुसरे कोण सांगणार?