डेकखालचं पाणी

खान्देश म्हटलं की केळीचे मळे, कापूस, तापी आणि मे महिन्यातलं होरपळणारं ऊन डोळ्यांपुढे येतं. बोट कुणाला आठवत नाही. पण जुन्या धुळे जिल्ह्याची उत्तरेकडची हद्द नर्मदा होती. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा सातपुड्यातले अक्राणी आणि अक्कलकुवा हे तालुके तिकडे गेले आणि धुळ्याची नर्मदाही त्यांच्याबरोबर गेली. या नदीकाठी मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी, भुषा ही गावं आहेत. सरदार सरोवराची भिंत टप्प्याटप्प्याने वाढत १३८.६८ मीटरवर पोहोचली आणि २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला. या फुगवट्याची लांबी २१४ किलोमीटर सांगतात. महाराष्ट्रातली ३३ गावं त्यात पूर्ण किंवा अंशतः बुडाली. नदीकाठच्या पायवाटा पाण्याखाली गेल्या, टेकड्यांच्या माथ्यावरचे पाडे एकमेकांपासून तुटले. तिथे आता रस्ता म्हणजे पाणी, आणि एसटी म्हणजे बोट.

सरकारी दवाखानाही मग पाण्यावर आला. युरोपीय आयोगाच्या मदतीने इथे तरंगते दवाखाने सुरू झाले. डॉक्टर, नर्स आणि औषधांची पेटी बोटीतून पाड्याच्या धक्क्याला लागू लागली. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने बाया-मुलं चिमलखेडीच्या अंगणवाडीपर्यंत येईनाशी झाली, तेव्हा अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत पाड्यापाड्यांवर पोषण आहार घेऊन गेल्या. देशभर त्यांचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी, १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी भुषाजवळ प्रवाशांनी भरलेली बोट उलटली आणि माणसं बुडाली. तेव्हा बोटीत किती माणसं होती याची चर्चा झाली, लाइफ जॅकेटची झाली. ती गरजेचीच आहे. मला इथे लिहायचं आहे ते बोटीच्या अशा एका भागाविषयी, ज्याच्याकडे अपघात होईपर्यंत कुणी पाहत नाही आणि अपघातानंतरही क्वचितच पाहतं: आपण ज्यावर उभे राहतो तो डेक.

इंजिन बिघडलं की आवाज करतं, धूर सोडतं, बंद पडतं. मिस्त्री बोलवावाच लागतो. डेक तसा गवगवा करत नाही. फायबरच्या पुष्कळ बोटींत वर फायबरचा पातळ थर, आत प्लायवूड आणि पायाखाली गालिचा किंवा रबरी चटई अशी रचना असते. गालिचा दिसायला बरा, अनवाणी पायांना मऊ, इंजिनाची धडधड थोडी कमी करणारा. बोटींसाठी विकला जाणारा गालिचा बहुधा पॉलिप्रोपिलीनचा असतो, म्हणजे तो स्वतः कुजत नाही. घात इथेच होतो. वरून तो धडधाकट दिसतो आणि त्याच्या पोटात साठलेलं पाणी लाकडाला दिवसरात्र लागून राहतं.

हे पाणी नदीतून येत नाही. बोटीचं बूड बहुतेक वेळा शाबूत असतं. पाणी वरून येतं: पावसाचं, लोकांच्या ओल्या पायांचं, डेक फरशीसारखा बादली ओतून धुतल्याचं. बाक, कठडा, दोर बांधायचा खुंटा, हे सगळं डेकला स्क्रूने आवळलेलं असतं, आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे प्लायवूडला पडलेलं एक भोक. माणसं कठड्याला धरून चढतात-उतरतात, स्क्रू केसभर हलतो, त्याच्याभोवतीचं सीलंट सुटतं आणि पाणी आत उतरतं. प्लायवूडच्या कापलेल्या कडा त्याहून वाईट. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि त्या पाणी शोषून घेतात. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. त्यातही गोडं पाणी जास्त घातक. समुद्रावरचे खलाशी लाकडी डेक मुद्दाम खाऱ्या पाण्याने धुतात, कारण मीठ या बुरशीला रोखतं. नर्मदेच्या बोटीला ती सोय नाही.

खान्देशातल्या माणसाला हे समजवायला फार शब्द लागणार नाहीत, कारण त्याने धाब्याचं घर पाहिलेलं असतं. सपाट माळवद, खाली सागाचे सरे, वर काड्या आणि माती, आणि सगळ्यांत वर खारी माती. ही माती ओली झाली की फुगते आणि स्वतःच्या भेगा बुजवते. तरी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की पावसाआधी धाब्यावर चढून नवी माती टाकायची, उंदरांची बिळं बुजवायची, पन्हाळीचं तोंड मोकळं करायचं, हे काम चुकत नसे. ज्या सालात चुकलं त्या सालात सरा कुजला. डेक हे बोटीचं धाबंच आहे. फरक इतकाच की धाब्याची गळती खालच्या अंथरुणावर टपकते आणि घरातलं माणूस जागं होतं. डेकची गळती मात्र त्याच्या खालच्या पोकळीत जाते.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात गालिचा उचलण्यापासून होते. आधी बाक, कठडे, झाकणं काढायची, प्रत्येकाची जागा खडूने खुणावायची. गालिच्याच्या हातभर रुंद पट्ट्या कापून ओढल्या की तो निघतो. खाली राहतो जुना गोंद. सगळ्यांत कंटाळवाणं काम हेच. खरवडणी, गरम हवेचं यंत्र, पुन्हा खरवडणी. गोंदाचा पापुद्रा राहिला तर त्यावर लावलेलं काहीही लाकडाला धरत नाही. मग हातोडीच्या दांड्याने डेक वीतवीतभर ठोकत जायचं. धड लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भद्द बोलतं. शंका आली तिथे बारीक ड्रिल मारून भुसा हातावर घ्यायचा. फिका, कोरडा भुसा आला तर ठीक. काळपट आणि ओलसर आला तर कुजणं किती दूर गेलंय ते शोधत, धड लाकूड लागेपर्यंत कापत जायचं. इथे दया दाखवणारा कारागीर पुढच्या वर्षी तेच काम पुन्हा करतो.

नवा तुकडा मरीन प्लायचाच हवा. आयएस ७१० हा त्याचा भारतीय दर्जा. त्यातल्या कसोटीत नमुना ७२ तास पाण्यात उकळतात आणि तरीही थर सुटता कामा नयेत. पण मरीन प्लायमध्ये गोंद पाण्याला दाद देत नाही, लाकूड देतं. बाजारात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून घेतलेली शीट कडा न बुजवता बसवली तर तीही कुजतेच. कडांना पातळ इपॉक्सी राळ पाजावी लागते, ती पिणं थांबेपर्यंत. तुकड्याची खालची बाजूही सील करायची, बसवण्याआधीच, कारण नंतर तिथे हात पोहोचत नाही. वरून घट्ट आणि खालून उघडं ठेवलं तर पोकळीतली दमट हवा लाकडात शिरते आणि वरच्या थरामुळे बाहेर पडू शकत नाही.

स्क्रूच्या भोकांची रीत मला या सगळ्या कामात फार आवडते. भोक हवं त्याहून मोठं पाडायचं, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने पूर्ण भरायचं आणि ती वाळल्यावर तिच्यातच स्क्रूपुरतं नवं भोक पाडायचं. आता स्क्रू ढिला झाला आणि पाणी आलं तरी ते इपॉक्सीच्या भिंतीपाशी थांबतं, लाकडाला शिवत नाही. त्यावर पॉलियुरेथेन सीलंट भरपूर लावून कठडा बसवायचा. स्वस्त सिलिकॉन टाळावं. त्यावर रंग बसत नाही आणि पुढच्या दुरुस्तीला त्याचा तेलकट अंश निघता निघत नाही.

आता आपल्याकडच्या उन्हाची गोष्ट. लाकूड वाळवायला मे महिना उत्तम. पाणीही तेव्हा उतरलेलं असतं. पण त्याच उन्हात डब्यातली इपॉक्सी बघता बघता गरम होऊन घट्ट होते, म्हणून ती थोडी थोडी कालवावी लागते. शिवाय सकाळी लाकूड तापत असताना लेप दिला तर लाकडातली हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि लेपात फोड उठतात. त्या प्रत्येक फोडात पुढे एक टाचणीएवढं छिद्र. तोच लेप ऊन कलल्यावर, लाकूड थंड होत असताना दिला तर आतली हवा आकसते आणि लाकूड लेप आत ओढून घेतं. एकाच डब्यातला माल, चार-सहा तासांचा फरक. दोन-तीन हात झाले की काचेचं कापड, त्यावर पुन्हा इपॉक्सी, आणि शेवटी रंग. रंग शोभेसाठी नाही. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, ती पिवळी पडून खडूसारखी भुकटी होते.

मग वर पुन्हा गालिचा घालायचा का? हौशी माणसाच्या बोटीवर ज्याची त्याची आवड. दवाखान्याच्या बोटीवर, माझ्या मते, मुळीच नाही. तिथे रक्त सांडतं, उलटी होते, फिनेल पडतं, आणि ते सगळं धुऊन निघायला हवं. ओल्या पायाने चढणारी गरोदर बाई घसरू नये म्हणून रंगात वाळू मिसळून खरखरीत पृष्ठभाग करावा. बसायच्या जागी हवी तर सुटी रबरी चटई, जी रोज संध्याकाळी उचलून कठड्यावर वाळत टाकता येईल. चिकटवलेलं काहीही नको. ज्या डेकची पाहणी चटई उचलून करता येते, त्याची पाहणी होते.

या कामाला साहित्याचा खर्च इंजिनाच्या मानाने थोडाच येतो. खरा खर्च दिवसांचा. सोलणं, वाळवणं, भरणं, प्रत्येक लेप मुरू देणं, यात घाई केली की ओल आतच कोंडली जाते, आणि कोंडलेल्या ओलीपेक्षा गळका डेक परवडला. तेवढे दिवस बोट काठावर ओढून ठेवावी लागते. मेमध्ये पाणी उतरलं तरी चिमलखेडी, डोमखेडीच्या वाटा मोकळ्या होत नाहीत. उघड्या पडलेल्या गाळात माणूस कमरेइतका रुततो. बाळंतपणं मेमध्येही होतात. एकच बोट असेल तर बोट चालवणारा तंडेल ती कधीच वर काढू शकणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्यामुळे डेकची दुरुस्ती मनावर घ्यायची असेल तर मागणी सीलंटच्या डब्यांपासून सुरू होत नाही. ती सुरू होते बदली बोटीपासून: दर उन्हाळ्यात पहिली काठावर असताना पाण्यात असणारी दुसरी बोट, तिच्यावर औषधांची तीच पेटी, आणि तिच्यासाठी वेगळा तंडेल.