ओरखडे वाळूचे, चूक फडक्याची

अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड किंवा दिवेआगर येथे सुटी घालवून मुंबई-पुण्याला परतणाऱ्या मोटारींवर बारीक वाळू आणि सुकलेले मीठ यांचा थर हमखास असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या आवारात त्यावरून कोरडे फडके फिरते आणि गाडी चकचकीत दिसू लागते. काही महिन्यांनी मात्र उन्हात उभ्या असलेल्या त्याच गाडीच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, गोलाकार ओरखडे दिसतात आणि दोष खाऱ्या हवेला दिला जातो. वस्तुतः खाऱ्या हवेने गंज चढतो. ओरखडे उठतात ते बहुतांशी गाडी पुसण्याच्या चुकीच्या पद्धतीमुळे.

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोटसेवा सुरू झाली आणि मुंबईची मोटार थेट अलिबाग तालुक्यात उतरू लागली. रस्त्याने येणाऱ्यांच्या वाट्याला मुंबई-गोवा महामार्गावरील धूळही येते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तर वाळू आणि खारा वारा बारमाही. त्यामुळे रंगाची निगा हा रायगडच्या किनारपट्टीवर निव्वळ हौसेचा विषय राहत नाही.

केसाहून पातळ कवच

आजच्या बहुतेक मोटारींच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ हा पारदर्शक थर असतो. या सर्व थरांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यातील पारदर्शक थर सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. चकाकी त्याच्यामुळेच येते आणि उन्हातील अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षणही तोच करतो.

वाळूतील व धुळीतील गारगोटीचे कण काठिण्याच्या मोह्स मापावर ७ च्या घरात मोडतात. खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. फडक्याखाली असा कण सापडला, की तो पारदर्शक थरावर बारीक चर ओढतो. या चरांच्या कडांवरून ऊन परावर्तित होते आणि ओरखडे उजेडाभोवती गोलाकार मांडल्यासारखे भासतात.

आधी पाणी, मग हात

किनाऱ्यावरून आल्यावर गाडी कोरडी पुसू नये. पिसांची झटकणीही वाळू उचलत नाही, ती पृष्ठभागावर ओढते. गाडी सावलीत उभी करून बॉनेट थंड होऊ द्यावे आणि वरून खाली भरपूर पाणी सोडावे. नळी नसेल तर बागेची झारी उत्तम. हात लावण्यापूर्वीच बहुतेक वाळू वाहून जावी, हा यातील हेतू. चाकांवरील कमानी आणि गाडीचा तळ येथेही पाणी मारावे, कारण मीठ तेथेच साचून राहते.

त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात. एकीत मोटारीचा शाम्पू, दुसरीत फक्त स्वच्छ पाणी. फडके प्रत्येक वेळी आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावे. सोसायट्यांमध्ये एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने पाच-सहा गाड्या पुसल्या जातात, तेव्हा पहिल्या गाडीची वाळू शेवटच्या गाडीवर घासली जाते. टपापासून सुरुवात करून दारांचे खालचे भाग शेवटी धुवावेत आणि हात गोलाकार न फिरवता सरळ रेषेत फिरवावा. जमिनीवर पडलेले फडके पुन्हा गाडीला लावू नये. भांड्यांचा साबण मेणाचा संरक्षक थर काढून टाकतो, तर रॉकेलने पुसल्यास तेलकट थर राहून उलट धूळ चिकटते आणि दारांचे रबर खराब होते.

गाडी लगेच मायक्रोफायबरच्या कापडाने कोरडी करावी. किनाऱ्यावरील विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी मचूळ असते. ते वाळले की क्षारांचे पांढरे डाग उमटतात. न धुतलेल्या गाडीवर कापडी आच्छादन घालणेही टाळावे. वाऱ्याने ते हलत राहते आणि खालची वाळू रंगावर घासते.

ओरखडा किती खोल?

ओरखड्यावरून नख हळूच आडवे फिरवावे. नख अडले नाही आणि पाणी लावताच ओरखडा दिसेनासा झाला, तर तो बहुधा पारदर्शक थरातच आहे. असा ओरखडा घरी कमी करता येतो. नख अडत असेल, तर घासण्याच्या फंदात पडू नये. पत्रा उघडा पडला असेल, तर खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. अशा वेळी गाडीवरील पट्टीवर छापलेल्या रंगाच्या क्रमांकानुसार टच-अप रंग आणून ती जागा विनाविलंब बंद करावी.

बारीक ओरखड्यांसाठी सर्वांत सौम्य पॉलिश निवडावे. गाडी पूर्ण धुऊन वाळवावी आणि आधी एका कोपऱ्यात प्रयोग करून पाहावा. पांढऱ्या कापडावर गाडीचा रंग उतरला, तर तेथे पारदर्शक थर नाही आणि थेट रंगच झिजत आहे, असे समजावे. एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन घेऊन फोमच्या पॅडने हलक्या हाताने पॉलिश चोळावे व स्वच्छ मायक्रोफायबरने पुसावे. पत्र्याच्या कडांवर रंग पातळ असतो. तेथे आधी कागदी चिकटपट्टी लावावी. शेवटी मेणाचा, म्हणजेच वॅक्सचा थर द्यावा. टूथपेस्टचा घरगुती उपाय टाळलेला बरा. तिच्यातील कण दातांसाठी बेतलेले असतात, रंगासाठी नव्हे.

थराची शिल्लक

पॉलिशने ओरखडा ‘पुसला’ जात नाही. त्याच्या भोवतालचा थर झिजवून ओरखड्याच्या तळापर्यंत आणला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. प्रत्येक पॉलिशगणिक मूळ कवच थोडे संपते आणि ते परत भरून येत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी गाडी ‘रबिंग’ला देणाऱ्यांची चकाकी या शिलकीतूनच खर्च होत असते. थर पुरता झिजला, की त्या भागाला नव्याने रंग देण्यावाचून पर्याय उरत नाही. काही पॉलिशमधील तेलकट द्रव्ये ओरखडे केवळ भरून काढतात. चार-दोन धुण्यांनंतर ते पुन्हा वर येतात.

सिरॅमिक कोटिंगमुळे पाणी व मळ सहज निघतो, पण वाळू घासली तर त्यावरही ओरखडे उमटतात. मेणाचा थर काही आठवडे ते काही महिने टिकतो; पावसाळ्यापूर्वी व नंतर तो नव्याने द्यावा. गाडी पुळणीवर मात्र उतरवूच नये. चाकांनी उडालेली वाळू दारांच्या खालच्या भागावर आदळते आणि भरतीत गाडी अडकली, तर रंगाची चिंता करण्याची वेळच उरत नाही. घरची गाडी कुणी दुसरे पुसत असेल, तर त्याच्या हाती महागडे पॉलिश देण्याऐवजी दुसरी बादली, चार स्वच्छ फडकी आणि आधी पाणी ओतण्याची सूचना द्यावी. खर्च नगण्य, वाचतो तो गाडीचा मूळ रंग.