विश्लेषण : कॅमेरा समोर आला की राजकीय इंटर्नची बोबडी का वळते?

समजा, वसईच्या सांडोरमधली एक पदवीधर तरुणी आमदाराच्या कार्यालयात इंटर्नशिप करते आहे. तक्रारींचे अर्ज लावायचे, विधानसभेतल्या प्रश्नांसाठी माहिती काढायची, हे तिचे काम. एक दिवस स्थानिक यूट्यूब वाहिनीचा माइक तिच्यापुढे येतो आणि आतापर्यंत भडाभडा बोलणारी ती अडखळते. का?

शरीरात काय होते?

अनेक डोळे आपल्याला तपासत आहेत, हा मेंदूला धोका वाटतो. ॲड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. श्वास उथळ होतो, म्हणून आवाज कापतो. बोलण्याआधी दोन-तीनदा सावकाश, लांब श्वास सोडला तर आवाज बराच सावरतो.

घाबरलेले लोकांना दिसते का?

वाटते तेवढे नाही. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात साधारण चौथाई लोकांच्याच तो लक्षात आला. २००३च्या अभ्यासात, ‘तुमची धडधड समोरच्याला फारशी कळत नाही’ एवढे आधी सांगितलेल्यांची भाषणे अधिक चांगली झाली.

बोलीचे काय?

वसईत घरोघरी सामवेदी, वाडवळी, कोळी बोली आहेत. कॅमेऱ्यापुढे मात्र ‘शुद्ध’ बोलायचे दडपण येते आणि ‘सदर बाबतीत’सारखे शब्द तोंडात अडकतात. खरे तर बाइट निवडताना आम्ही डेस्कवर अर्थ कळतो का, एवढेच बघतो. हेल कोण मोजतो?

मग खरी भीती कशाची?

आपले वाक्य साहेबांचे मत ठरेल याची. ही भीती अजिबात अनाठायी नाही. ‘अनुभव सांगा’ म्हणणारा पत्रकार पुढच्याच प्रश्नात ‘२९ गावे महापालिकेत हवीत की बाहेर?’ असे विचारू शकतो. २००९ला वसई-विरार महापालिका झाल्यापासूनचा हा वाद. त्यावर इंटर्नने उत्तर दिले की मथळा तयार!

इथे आपण कोणासाठी काम करतो, हेही महत्त्वाचे. २०१५ला सुरू झालेल्या मुख्यमंत्री फेलोशिपचे फेलो सरकारी यंत्रणेत असतात, तर पीआरएसच्या लॅम्प फेलोशिपचे खासदारांसोबत. पक्ष कार्यालयातला इंटर्न आणखी वेगळा. त्यामुळे मुलाखतीला होकार देण्याआधी कार्यालयाला विचारावे. धोरणाचा प्रश्न आलाच तर ‘यावर कार्यालयातर्फे साहेब बोलतील, मी माझ्या कामाबद्दल सांगते’ हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून ठेवावे.

लाइव्ह आहे की रेकॉर्डेड?

आधीच विचारा. रेकॉर्डेड असेल तर ‘पुन्हा घेऊया का?’ म्हणायला संकोच नको. मुरलेले नेतेही म्हणतात. आणि कॉलर माइक काढेपर्यंत गप्पा नकोत, तो सुरूच असतो.