विवाहविच्छेद आणि अपत्याचे हित

कुटुंब न्यायालयात दोन-तीन वर्षे रेंगाळलेल्या एखाद्या घटस्फोटाच्या प्रकरणाचे कागद ज्यांनी वकिलाच्या टेबलावर पसरलेले पाहिले असतील, त्यांच्या एक गोष्ट सहज ध्यानात आली असेल की, निशाणी एकवरच्या मूळ अर्जात पतिपत्नींनी परस्परांवर केलेल्या आरोपांना जितकी पृष्ठे लागलेली असतात, तितक्या ओळीसुद्धा त्या घरातील मुलाच्या शाळेला, दिनक्रमाला, आजारपणाला किंवा स्वभावाला मिळालेल्या नसतात. मागाहून अंतरिम पोटगीचा अर्ज येतो, त्यावर म्हणणे दाखल होते, मग ताब्याचा अर्ज, मग भेटीचा अर्ज, मग भेट घडवून दिली नाही म्हणून तक्रारीचा अर्ज, अशी चळत वाढत जाते. आणि हा सगळा खटाटोप ज्याच्या नावाने चाललेला असतो, ते मूल दरम्यान दुसरीतून पाचवीत गेलेले असते. हे पालटावयाचे असेल, तर या बाबतीत कायदा नेमके काय सांगतो आणि कोठे मौन पाळतो, हे वकिलाची पायरी चढण्यापूर्वीच सामान्य आईबापांना ठाऊक असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

कौटुंबिक तंटे इतर दिवाणी दाव्यांबरोबर, जमिनीच्या आणि उसनवारीच्या खटल्यांच्या रांगेत बसवू नयेत, त्यांसाठी स्वतंत्र न्यायासन असावे, हा विचार आपल्याकडे आग्रहाने मांडणाऱ्यांत दुर्गाबाई देशमुख अग्रणी होत्या. 1953 साली चीनच्या दौऱ्यात तेथील अशी न्यायालये त्यांनी पाहिली आणि परतल्यावर न्यायमूर्ती छागला, न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आणि पंडित नेहरू यांच्यापुढे ही कल्पना ठेवली. तिला कायद्याचे रूप येण्यास मात्र 1984 साल उजाडावे लागले, आणि महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे कुटुंब न्यायालये प्रत्यक्ष सुरू झाली ती 1989 साली. या न्यायालयाची घडण इतर न्यायालयांहून मुद्दाम वेगळी ठेवलेली आहे. प्रथम तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायाधीशांचे कर्तव्य म्हणून कायद्यातच नमूद आहे. त्यासाठी विवाह समुपदेशक नेमलेले असतात. पक्षकारांपैकी कोणी तशी इच्छा दर्शविल्यास सुनावणी बंद दालनात होते. आणि वकील देणे हा येथे पक्षकाराचा हक्क मानलेला नसून त्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. पक्षकाराने स्वतः उभे राहून आपले गाऱ्हाणे सांगावे, ही त्यामागील अपेक्षा होती. व्यवहारात ही परवानगी बहुधा मिळते आणि प्रकरण पुन्हा तारखांच्या जुन्याच वाटेने चालू लागते, हे दुर्दैवाने खरे असले, तरी समुपदेशकासमोरची ती पहिली बैठक अनेकजण केवळ उपचार म्हणून उरकून टाकतात, ही मात्र आईबापांची स्वतःची चूक होय. मुलासंबंधीचा समझोता होण्याची खरी संधी, आरोप अजून कागदावर पक्के झालेले नसतात तेव्हाच असते.

आता मूळ कायद्याकडे वळू. 1890 सालचा पालक व पाल्य अधिनियम आणि 1956 सालचा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम हे येथील दोन आधारस्तंभ. पैकी दुसऱ्याच्या सहाव्या कलमाने हिंदू अपत्याचा नैसर्गिक पालक प्रथम पिता आणि त्याच्या पश्चात माता, असा क्रम लावून दिला, आणि जी स्त्री मुलाला जन्म देते, वाढवते, शाळेत नेऊन सोडते, तिची सही मात्र बँकेत, शाळेत आणि पारपत्राच्या कचेरीत अपुरी ठरत राहिली. गीता हरिहरन या इंग्रजी कादंबरीकर्त्रीच्या वाट्याला हाच अनुभव आला. 1984 च्या डिसेंबरात त्यांनी व त्यांच्या पतीने आपल्या तान्ह्या मुलाच्या नावे 20,000 रुपयांचे रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. पालक म्हणून आईने काम पाहावे यास बापाची पूर्ण संमती होती, तसे त्यांनी लिहूनही दिले होते. तरीही, बापाच्या सहीचा अर्ज आणा, नाहीतर पालकत्वाचा दाखला आणा, असे उत्तर आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच्याच जोडीला पर्यावरणतज्ज्ञ वंदना शिवा यांची याचिका होती. घटस्फोटाचा वाद चालू असताना मुलाचे नैसर्गिक पालक आपणच, असा दावा त्यांचे पती करीत होते. 17 फेब्रुवारी 1999 रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, कायद्यातील पित्याच्या ‘पश्चात’ म्हणजे केवळ त्याच्या मृत्यूनंतर असे नव्हे. पिता मुलाकडे लक्ष देत नसेल, दूर राहत असेल, किंवा उभयतांच्या संमतीने जबाबदारी मातेकडे असेल, तेव्हाही तीच नैसर्गिक पालक होय. पुढे 2015 साली अविवाहित मातेला पित्याचे नाव उघड न करता पालकत्व मागता येईल, असेही त्याच न्यायालयाने सांगितले. महाराष्ट्र शासनाने तर 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदपत्रांवर मुलाच्या नावापाठोपाठ आईचे नाव लावणे बंधनकारक केले. असे असूनही सहाव्या कलमातील पित्याचा तो अग्रक्रम कायद्याच्या पुस्तकात तसाच छापला जातो. तो काढून टाकून माता व पिता यांना समान पालक म्हणण्यास आता कसलीही अडचण उरलेली नाही, असे माझे मत आहे.

पालकत्व आणि ताबा या दोन बाबी निराळ्या आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मूल प्रत्यक्ष कोणाजवळ राहील हा ताब्याचा प्रश्न, आणि तेथे आईबापांच्या हक्कापेक्षा अपत्याचे कल्याण हीच सर्वोपरी कसोटी, असे 1956 च्या कायद्याचे तेरावे कलम स्पष्ट शब्दांत सांगते. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांना त्यांचे त्यांचे वैयक्तिक कायदे लागू असले, तरी प्रकरण न्यायासनापुढे आले की याच कसोटीचा विचार होतो. या संबंधात दोन समजुती खेडोपाडी आणि शहरांतही रूढ आहेत. पहिली अशी की, पाच वर्षांखालील मूल काही झाले तरी आईकडेच राहते. कायद्यात ‘सामान्यतः’ असा शब्द आहे. म्हणजे प्रघात आईच्या बाजूचा असला, तरी विशेष कारण दाखविल्यास न्यायालयाला अन्यथा ठरविता येते. दुसरी समजूत अशी की, अमुक वयानंतर मुलाने बोट दाखवावे आणि न्यायाधीशांनी त्याप्रमाणे हुकूम करावा. असे कोणतेही वय कायद्याने ठरविलेले नाही. मुलाला समज आलेली असेल, तर त्याच्या पसंतीचा विचार न्यायालय करू शकते, इतकेच 1890 च्या कायद्यात म्हटले आहे. न्यायाधीश अशा मुलाला आपल्या दालनात एकटे बोलावून त्याच्याशी गप्पा करतात. आणि आदल्या रात्री पढवून पाठविलेले मूल कोणते, हे अनुभवी न्यायाधीशांच्या बहुधा ध्यानात येते. मुलाला असे पढविणाऱ्या आईला किंवा बापाला मी कळकळीने सांगेन की, ज्या वयात त्याला दोघांची गरज असते, त्या वयात दोघांपैकी एकाविरुद्ध साक्ष द्यावयास लावणे हा त्या जिवावर केलेला अन्याय आहे.

ताबा एकाकडे गेला की दुसऱ्याच्या वाट्याला येते ती भेट. मुंबईत वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात अशा भेटींसाठी स्वतंत्र बालसंकुल आहे. अन्यत्र कोठे समुपदेशकाच्या खोलीत, कोठे न्यायालयाच्या आवारातच भागविले जाते. हुकूम साधारणपणे असा असतो: महिन्यातील पहिल्या व तिसऱ्या शनिवारी अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत. अशा ठिकाणी खेळण्याचा खोका आणि खाऊचा पुडा घेऊन अर्धा तास आधीच येऊन बसलेला बाप, आणि पंधरवडाभर न भेटल्यामुळे प्रथम पंधरा मिनिटे आईच्या पदराआडून हलण्यास तयार नसलेले मूल, हे दृश्य विरळा नाही. मूल मोकळे होऊन बोलू लागते न लागते, तोच वेळ संपते. दोन महिने असे गेले की भेटीला येणारा दुखावून येणे सोडतो, किंवा आणणारीला रजा मिळेनाशी होते, आणि पुन्हा एक अर्ज दाखल होतो. देखरेखीखालील भेट ही हिंसेचा किंवा व्यसनाचा धोका असेल तेथे आवश्यकच आहे. परंतु जेथे तसा धोका नाही, तेथेही तीच पद्धत सरसकट लावणे मला गैर वाटते. ज्या पित्याला मुलाच्या गृहपाठाची वही कधी पाहावयास मिळत नाही, त्याने केवळ फुगे आणि चॉकलेटे आणणाऱ्या पाहुण्याखेरीज दुसरे काय व्हावे? मे 2015 मध्ये विधी आयोगाने आपल्या 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची संकल्पना कायद्यात आणावी आणि मुलाच्या संगोपनाची तपशीलवार योजना आईबापांनी मिळून करावी, अशी शिफारस केली होती. तिचे कायद्यात रूपांतर झालेले नाही. तथापि असा संयुक्त ताबा देण्यास कायद्याची मनाईही नाही, आणि पक्षकारांनी समंजसपणे मांडलेली योजना न्यायालये मान्य करतात.

पोटगीच्या बाबतीत 4 नोव्हेंबर 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय प्रत्येकाने माहीत करून घेण्याजोगा आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या प्रकरणातून तो निष्पन्न झाला. त्याअन्वये दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करणे आवश्यक ठरले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे ठरवून दिले गेले. तत्पूर्वी पगाराचा दाखला लपविणे आणि निकालाच्या तारखेपर्यंतची वर्षे बुडविणे हा सर्रास चाललेला मार्ग होता. मुलाच्या पालनपोषणाचा भार हिंदू कायद्यान्वये मिळवत्या आईवरही येतो, हेही लक्षात ठेवावे. दुसरी एक उणीव मात्र ध्यानात येऊनही दुरुस्त झालेली नाही: विवाहकाळात पतीच्या नावे झालेल्या घरात किंवा शेतीत घटस्फोटाच्या वेळी पत्नीला वाटा मिळण्याची तरतूद महाराष्ट्रात नाही, तिचे स्त्रीधन तिचे, बाकी जे काही ते पोटगीच्या रूपाने. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेनुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास, पतिपत्नींची मालमत्ता सामायिक धरली जाते आणि विभक्त होताना तिचे निम्मे-निम्मे भाग पडतात. मूल सांभाळणारी आई माहेरच्या माजघरात आश्रितासारखी राहते की स्वतःच्या छपराखाली, हे पुष्कळदा या एका तरतुदीवर अवलंबून असते.

पोटगी थकली म्हणून मूल भेटू न देणे, आणि मूल भेटू दिले नाही म्हणून पोटगी थांबविणे, हे दोन्ही प्रकार नित्याचे आहेत, आणि दोन्ही बेकायदेशीर आहेत. थकलेल्या पोटगीसाठी वसुलीचा अर्ज आहे, त्यावर वॉरंट निघते, प्रत्येक महिन्याच्या थकबाकीबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. भेटीचा हुकूम मोडल्यास दरखास्त दाखल करता येते. एका हुकमाचा भंग हा दुसरा हुकूम मोडण्याचा परवाना कधीच ठरत नाही, कारण पोटगी आणि भेट या दोन्ही गोष्टी मुलाच्या आहेत.

परस्परसंमतीने विभक्त होणाऱ्यांनी तर याहून दक्ष राहावे. हिंदू विवाह कायद्यातील 1976 च्या दुरुस्तीने ही सोय झाली. वर्षभर वेगळे राहिलेल्या जोडप्याला संयुक्त अर्ज करता येतो आणि मधल्या सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी माफ करण्याचा अधिकार 2017 पासून न्यायालयाला आहे. सुटकेच्या घाईत मुलासंबंधी ‘ताबा आईकडे, भेटीचा हक्क वडिलांना’ एवढे एकच वाक्य लिहून उभयता सही करतात, आणि पहिल्याच गणेशोत्सवात, मूल कोणाकडच्या आरतीला जाणार यावरून, पुन्हा कचेरी गाठतात. समझोत्याच्या अटींत दिवाळीची व मे महिन्याची सुटी कशी वाटावयाची, आजी-आजोबांची भेट केव्हा, शाळेची फी आणि शिकवणीचा खर्च कोणी, आजारपणात कोणाला कळवावयाचे, गुणपत्रिका दोघांना कशी मिळेल, गाव किंवा देश बदलावयाचा झाल्यास किती आधी सांगावयाचे, हे सारे तारीखवार लिहून घ्यावे. मुलाचे वय आणि परिस्थिती बदलली की या अटींत फेरफार मागता येतो; ताब्याचा कोणताही हुकूम कायमचा नसतो.

परदेशस्थ मराठी कुटुंबांसाठी एक इशारा आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय अपत्य-अपहरणासंबंधीच्या 1980 च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे अमेरिकेतून किंवा इंग्लंडातून एका पालकाने मूल पुण्यास आणून ठेवले, तर तेथील न्यायालयाचा हुकूम येथे आपोआप लागू होत नाही. उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका होते आणि मुलाच्या कल्याणाचा विचार नव्याने होतो. अशा लढ्यात मुलाची शाळा, भाषा आणि मित्र दोनदा तुटतात. मूल विमानात बसविण्यापूर्वी दोन्ही देशांतील वकिलांचा सल्ला घ्यावा.

ज्यांना वकिलाची फी परवडत नाही त्यांनी हताश होऊ नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये कोणत्याही स्त्रीला आणि कोणत्याही बालकाला, उत्पन्नाची अट न लावता, विनामूल्य वकील मिळतो. पुरुषांना उत्पन्नमर्यादेत बसल्यास तीच सोय आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते. तेथे साध्या कागदावर अर्ज लिहून द्यावा.